घोटा मोडल्यावर घरांतील दिनक्रम



पाऊल धड असतें तोंवर तें आपणांस आहे ह्याची आठवणही होत नाहीं. गतवर्षीं आषाढांत, दिवेलागणीच्या सुमारास, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून आम्ही घसरलों आणि आमचा उजवा घोटा मोडला. पुढील तीन महिने कसे काढले, कोठें चुकलों व काय शिकलों, तें ह्या पाठांत सांगण्याचा आमचा हेतु आहे. खेड्यांतील बहुतेकांची भाकर पायांवर अवलंबून असते. मजूर असो, दूध घालणारा असो कीं गांवोगांव फिरणारा उपदेशक असो, त्याचा एक घोटा मोडला म्हणजे सगळें घर अडतें. सबब हा विषय क्षुल्लक समजूं नये.

१. मोडतें तें काय?

घोट्याच्या सांध्यांत तीन हाडें येतात. नडगीच्या हाडाचें खालचें टोंक म्हणजे आंतल्या बाजूचा उंचवटा, आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाचें टोंक म्हणजे बाहेरचा उंचवटा. ह्या दोहोंच्या मध्यें जी खांच होते तींत पावलाचें वरचें हाड बसतें. सुतारानें पाडलेल्या खांचेंत लांकूड नेमकें बसावें तसें. खांच थोडी जरी रुंदावली तरी शरीराचा भार वांकडा पडूं लागतो व सांधा अकालीं झिजतो. म्हणून हाडें जागच्या जागीं असलीं तर डॉक्टर नुसतें प्लास्टर घालतात, आणि सरकलीं असलीं तर तीं नीट बसवून पुष्कळदां धातूची पट्टी व स्क्रू लावतात.

आतां मुरगळला कीं मोडला, हें ओळखावें कसें? कॅनडांतील ओटावा शहराच्या डॉक्टरांनीं इ. स. १९९२ मध्यें ह्याविषयीं सोपे नियम प्रसिद्ध केले. घोटा दुखत असून दोहोंपैकीं एखाद्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोंकावर दाबल्यास हाड दुखत असेल, अथवा पडल्यावर लगेच व तपासणीच्या वेळींही चार पावलें टाकवत नसतील, तर क्ष-किरणांनीं छायाचित्र काढलेंच पाहिजे. तथापि पाऊल वांकडें दिसत असेल किंवा जखमेंतून हाड दिसत असेल, तर चालून पाहण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

आमचे शेजारी भले. परंतु त्यांनीं आम्हांस हाडें बांधणाऱ्या एका गृहस्थाकडे नेण्याची तयारी चालविली होती. आमची मुलगी आडवी आली म्हणून आम्ही वांचलों. सुजलेल्या पायाला बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या असतां आंतील रक्ताचा प्रवाह बंद पडतो, बोटें काळीं पडतात व शेवटीं पाय कापावा लागतो, अशीं उदाहरणें डॉक्टरांस ठाऊक आहेत. प्रा. रंटगेन ह्यांनीं इ. स. १८९५ मध्यें क्ष-किरण शोधून काढले, तेव्हांपासून आंतलें हाड डोळ्यांनीं पाहण्याची सोय झाली आहे. सोय असतां अंदाजावर पाय कां गमवावा?

२. जखमी माणसास न्यावें कसें?

पर्सिव्हल पॉट नांवाचे इंग्रज शस्त्रवैद्य इ. स. १७५६ मध्यें लंडन येथें घोड्यावरून पडले व त्यांच्या पायाचें हाड मोडून बाहेर आलें. ते रस्त्यावर निजून राहिले, कोणासही त्यांनीं उचलूं दिलें नाहीं. एक दार विकत आणवून, त्यास दांडे ठोकवून, त्यावरून त्यांनीं आपणांस घरीं नेवविलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्यांचा पाय वांचला. घोट्याच्या एका प्रकारच्या अस्थिभंगास पुढें त्यांचेंच नांव मिळालें. ह्यावरून बोध घ्यावा तो हा कीं, जखमीस घाईनें ओढूं नये. पाय सांपडेल त्याच स्थितींत उशी किंवा घडी केलेल्या गोधडीवर ठेवून सैल बांधावा, आणि दार, फळी अथवा खाट घेऊन माणूस हलवावा. महाराष्ट्रांत सन २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते.

३. प्लास्टरचे पहिले दिवस

प्लास्टरचा पट्टा डच लष्करी शस्त्रवैद्य मॅथायसेन ह्यांनीं इ. स. १८५१ मध्यें तयार केला. पांढरें प्लास्टर पुरतें वाळण्यास एकदोन दिवस, कधीं तीन दिवसही लागतात. तोंवर तें दाबूं नये व कठीण वस्तूवर टेकूं नये. पाय छातीहून उंच राहील अशा बेतानें उशांवर ठेवावा, म्हणजे सूज उतरते. पायाचीं बोटें दर तासास हालवावीं. आंत खाज सुटली तर काडी किंवा विणायची सुई घालूं नये; कातडें सोलून आंत पू होतो.

बोटें निळीं किंवा गार पडलीं, बधिर झालीं, वेदना औषधानेंही न थांबतां वाढत गेली, प्लास्टरमधून दुर्गंधि आली किंवा ताप भरला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालयांत जावें. पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं धाप लागून छातींत दुखूं लागलें, तर रक्ताची गांठ झाल्याचा संभव असतो. तेथें तर घटकाभरही उशीर नको.

४. कुबड्या

कुबडीचें वरचें टोंक कांखेपासून दोनतीन बोटें खालीं असावें, आणि मूठ मनगटाच्या उंचीवर. भार हातांवर घ्यावा, कांखेवर नव्हे. आम्हीं पहिले चार दिवस कांखेवर लोंबकळून काढले व हातास मुंग्या येऊं लागल्या. कारण कांखेंतील मज्जातंतु दाबले जात होते. पायऱ्या चढतांना आधीं धड पाय वर टाकावा, मग दुखरा पाय व कुबड्या न्याव्या. उतरतांना आधीं कुबड्या व दुखरा पाय खालीं न्यावा, मग धड पाय. ज्यास भय वाटतें त्यानें खुशाल बसून एकेक पायरी सरकावें. त्यांत लाज कसली? कुबडीच्या टोंकाचें रबर झिजलें कीं बदलावें. चिखल, शेवाळ व नुकतीच सारवलेली ओली जमीन ह्यांवर कुबडी हटकून घसरते, म्हणून वाटेंतील गोणपाट, गोधड्या व भांडीं उचलून ठेवावीं.

५. न्हाणी, शौच व चूल

दुखणें सोसवतें, परंतु परस्वाधीनता सोसवत नाहीं. उकिडवें बसतां येईना तेव्हां आमचें मन फार खचलें. शेवटीं एका जुन्या खुर्चीच्या बैठकीस सुताराकडून भोंक पाडून घेतलें व ती शौचकूपावर ठेवली. अवघें अर्ध्या दिवसाचें काम. पण त्या दिवशीं आमची अर्धी अब्रू परत आली असें आम्हांस वाटलें. स्नानासाठीं न्हाणींत स्टूल ठेवावें, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवून वरून बांधावी व पाय पाण्याबाहेर दुसऱ्या स्टुलावर ठेवावा. निजण्यास जमिनीपेक्षां खाट बरी. दोन्ही हात कुबड्यांस लागतात म्हणून खांद्याला झोळी अडकवावी. तींत पाण्याची झांकणाची बाटली, चष्मा, औषध व पुस्तक राहतें. घरांत स्वयंपाक करणारी बाईच जायबंदी झाली असेल तर चूल किंवा शेगडी उंच ठेवावी, तिला बसावयास उंच स्टूल द्यावें, आणि निवडणें, चिरणें एवढेंच काम तिच्याकडे ठेवून पाणी व सरपण इतरांनीं आणावें.

आहारांत नाचणीची भाकरी, दूध, दहीं, अंडीं, मासे, डाळी व पालेभाज्या असाव्या. सकाळीं थोडें उन्हांत बसावें. विडी व तंबाखू मात्र सोडावी. धूम्रपानानें हाड जुळण्यास विलंब लागतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यांत ठेवावी.

६. आमची चूक

चौथ्या आठवड्यांत दुखणें जवळजवळ थांबलें. बाहेर भाताची लावणी चाललेली. आमची पत्नी पहांटे गुरांचें करून शेतांत जाई व परत येऊन आमचें करी. तिचे थकलेले हात पाहून आम्हांस खाटेवर राहवेना. एके दिवशीं ती बाहेर असतां आम्ही कुबड्या टाकून गोठ्यापर्यंत चालत गेलों. रात्रीं प्लास्टरच्या आंत पाय असा ठणकूं लागला कीं डोळ्यास डोळा लागला नाहीं. सकाळीं तिलाच दिवसाची मजुरी बुडवून आम्हांस घेऊन तालुक्यास जावें लागलें. हाड सरकलें नव्हतें, हें आमचें भाग्य. डॉक्टर इतकेंच बोलले, "दुखणें थांबणें निराळें आणि हाड जुळणें निराळें."

आमच्या पत्नीनें वाटेंत एक शब्दही काढला नाहीं. घरीं आल्यावर मात्र ती म्हणाली, "तुम्ही बसून राहिलांत तर मला एकाचें काम पडतें, उठलांत तर दोघांचें." हें वाक्य आम्हीं मनांत जपून ठेवलें आहे. जी गोष्ट आम्हीं तिच्या दयेपोटीं केली असें आम्हांस वाटत होतें, तिच्या मुळाशीं आमचा अभिमानच होता. सेवा करणें आम्हांस येत होतें. सेवा घेणें येत नव्हतें.

७. प्लास्टर निघाल्यावर

साधारणतः सहा आठवड्यांनीं हाड बरेंच जुळतें. परंतु पायास पूर्वीचें बळ येण्यास तीन-चार महिने, कधीं अधिकही लागतात. प्लास्टर निघालें तेव्हां पोटरी वाळलेली, कातडें कोंड्यासारखें आणि सांधा ताठ पाहून आम्ही घाबरलों. परंतु हें सर्व अपेक्षितच असतें. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पाऊल वरखालीं करावें, आणि अंगठ्यानें हवेंत अ, आ, इ, ई गिरवावीं. सांधा सगळ्या दिशांनीं फिरतो. आमचा नातू शेजारीं पाटी घेऊन बसे व आजोबांचें अक्षर वाईट म्हणून हंसे. काठी वापरावयाची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातांत धरावी. संध्याकाळची सूज कित्येक महिने राहते; तिला भिऊं नये. नांगर, डोक्यावरील भारा व सायकल ह्यांस हात घालण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

८. शेजाऱ्यांचें कर्तव्य

आजाऱ्यास भेटावयास जाणें चांगलें, परंतु रिकाम्या हातांनीं जाऊन "कसें काय पडलांत?" एवढेंच दहा जणांनीं विचारिलें तर तो थकतो. त्यापेक्षां एकानें दोन घागरी पाणी भरावें, एकानें वैरण टाकावी, एकानें मुलास शाळेंत पोंचवावें. आमच्या लावणीचा शेवटचा तुकडा चार शेजाऱ्यांनीं न बोलावतां एका सकाळींत उरकला. त्या कामाचें ओझें आमच्या पत्नीच्या पाठीवरून उतरलें तेव्हांच आमचा पाय खऱ्या अर्थानें बरा होऊं लागला, असें आम्ही मानतों.

पाठानंतर विचारावयाचे प्रश्न: घोटा मोडल्याची शंका कोणत्या खुणांवरून घ्यावी? प्लास्टर असतां कोणत्या लक्षणांनीं तत्काळ रुग्णालयांत जावें? चढतांना कोणता पाय आधीं, उतरतांना कोणता? आपल्या गांवांत आज कोणी पायानें अडून बसला आहे काय? आणि त्याच्या घरचें पाणी कोण भरतो?