चढ १ : ३७

थर्ड इयरच्या व्हायव्हाला मी गेली कित्येक वर्षं एक प्रश्न हमखास विचारतो. बोरघाटातला रेल्वेचा सगळ्यात कडक चढ किती? आकडा बहुतेकांना पाठ असतो, १ : ३७. मग मी म्हणतो, हाताने दाखवा. इथे मात्र गंमत होते. कोणी हात तीस अंशांवर धरतो, कोणी पंचेचाळीसवर. एकाने तर जवळजवळ उभाच धरला होता. ती आगगाडी नव्हे, लिफ्ट झाली!

मित्रांनो, १ : ३७ म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कोन जेमतेम दीड अंश. आपल्या लायब्ररीच्या दारातला व्हीलचेअरचा रॅम्प १ : १२ चा आहे, म्हणजे बोरघाटापेक्षा तिप्पट चढाचा. त्यावरून तुम्ही रोज मोबाईल बघत वर जाता आणि धापही लागत नाही. आकडा पाठ आहे, रॅम्प पायाखाली आहे, पण दोघांची ओळख कोणी करून दिलेली नाही. माझ्या मते आपल्या शिक्षणातली मोठी भानगड हीच आहे. वाचन, प्रवास आणि रोजचं जगणं हे तीन वेगळे विषय असल्यासारखे आपण वागतो. वाचन परीक्षेसाठी, प्रवास घरी जाण्यासाठी आणि जगणं... ते आपोआप चाललेलं असतंच.

आता कोणी विचारेल, सर, चढ एवढा किरकोळ आहे तर त्याचं इतकं कौतुक कशाला? करा हिशोब. चोवीस डब्यांची गाडी साधारण १००० टनांची धरा. १ : ३७ च्या चढावर तिला मागे ओढणारं बळ १००० भागिले ३७, म्हणजे २७ टन. त्यात चाकांचा आणि बेअरिंगचा विरोध मिळवा, ३० च्या आसपास गेलो. पुढे इंजिन १२० टनांचं. पोलादी चाक पोलादी रुळावर, कोरड्या हवेत घर्षणांक पाव धरला तर इंजिन न घसरता ओढू शकेल ३० टन. म्हणजे काठावर पास! त्यात वळणं आली, पाऊस आला, रुळावर पालापाचोळा चिकटला की घर्षण उतरतं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणून कर्जतला लांब गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती मागूनच का, पुढे का नाहीत? सगळी ओढ पुढून दिली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळा भार येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो, आणि मधे कपलिंग तुटलंच तर मागे घरंगळणाऱ्या डब्यांना आधारही असतो. कर्जतला गाडी थांबली की आपण वडापाव घेतो. जरूर घ्यावा, तिथला वडा चांगलाच असतो. पण वडा हातात घेऊन चार पावलं मागच्या टोकाला जा आणि इंजिन जोडताना बघा. यंत्रशास्त्राचं एक अख्खं प्रकरण तिथे फुकट शिकवतात.

पावसाळ्यात काय करतात तेही बघण्यासारखं आहे. इंजिनाला वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरायला लागलं की नळीतून चाकाच्या पुढ्यात वाळू सोडतात. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मी वर्गात टाकला होता. पुढच्या बाकांवरून सेन्सर, सॉफ्टवेअर असं बरंच काही आलं. मागे कोकणातली एक मुलगी बसायची. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेले, इंग्रजीत प्रश्न आला की मान खाली. घरी परत जाऊन डी.एड. करावं असं तिचं चाललेलं मला नंतर कळलं. ती हळूच मराठीत म्हणाली, "सर, आमच्याकडे पावसात अंगणात शेवाळ धरतं ना, तेव्हा आई वाटेवर रेती टाकते. तसं काहीतरी करत असतील." वर्ग हसला. मी फळ्यावर तेच उत्तर लिहिलं आणि खाली घर्षणाचं समीकरण मांडलं. त्या तासानंतर ती प्रश्न विचारायला लागली, मराठीत तर मराठीत. राहिलेले विषय सुटले, डी.एड.चा विषय मागे पडला. तिच्याकडे ज्ञान होतंच. ते इंजिनिअरिंगमध्ये चालतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

वाचनाबद्दल बोलायचं तर मी तुम्हाला शंभर पुस्तकांची यादी देणार नाही. यादी दिली की ती झेरॉक्सला जाते आणि तिथेच राहते. त्यापेक्षा एकाच जागेबद्दल दोन-तीन वेगळ्या तऱ्हेची पुस्तकं वाचा. बोरघाटाचंच घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. घाटाचं काम मात्र १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरं झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारला, घाट चढणारी गाडी काही त्याने पाहिली नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत गेला. पुढे त्याची बायको अ‍ॅलिस हिने तो ठेका हातात घेऊन काम तडीस नेलं. आपल्याकडच्या किती मुलींना हे नाव ठाऊक आहे? आणि हजारो मजूर कॉलऱ्याने आणि अपघातांनी गेले, त्यांची तर नावंही राहिली नाहीत.

आता याच्या शेजारी ठेवा विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. बहुतेक जण ते झाशीच्या हकिकतीसाठी वाचतात. मी म्हणतो, वेग बघण्यासाठी वाचा. पायांचा वेग, बैलगाडीचा वेग, रात्री मुक्काम कुठे, शिधा कुठला, वाटेत लुटालूट. त्याच वर्षांत इकडे घाटात सुरुंग लागत होते. एकाच काळात माणूस पायी हिंदुस्थान पालथा घालतोय आणि डोंगरात बोगदे पडतायत, हे दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आलं की रेल्वेने नेमकं काय बदललं ते कळतं. गाइडमधल्या 'रेल्वेचे फायदे' या पाच मुद्द्यांतून कळत नाही.

बरं, जागा आपली वाट बघत थांबतात असंही नाही. जुन्या हमरस्त्यावरचा १८३० चा अमृतांजन पूल कित्येक पिढ्यांनी गाडीतून पाहिला. दगडी कमानी, जवळजवळ दोनशे वर्षं उभ्या. एक्स्प्रेसवेची वाहतूक त्याच्या खांबांत अडायची, म्हणून एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा असताना, तो पाडला. वाहतुकीच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पाडला त्या आठवड्यात फोटो फॉरवर्ड करणाऱ्या आमच्याच विद्यार्थ्यांना विचारलं, कमान दगड कशी पेलते? त्यातले निम्मे त्या पुलाखालून पन्नासदा गेलेले होते.

असो. म्हातारपणी तक्रारीचा सूर लागतोच. तुम्हाला एक स्वाध्याय देतो, मार्क नाहीत. पुण्याहून मुंबईला जाताना गाडी मंकी हिलला थांबते, पुढे ठाकूरवाडी आणि जांब्रुंगलाही. फलाट नाही, प्रवासी चढत नाहीत, उतरत नाहीत. डब्यात लगेच सुरू होतं, "झालं, सिग्नल नाही, आता अर्धा तास बसा." तेव्हा खिडकीतून बघा. मुख्य मार्गापासून फुटून एक रूळ डोंगराकडे चढत गेलेला आणि तिथेच संपलेला दिसेल. ती कॅच सायडिंग. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर शिरते आणि तिचा जोर मोडतो. काटा एरवी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे तिने दाखवलं, की मगच तिला मुख्य रूळ मिळतो.

आता सांगा, काटा नेहमी मुख्य मार्गाकडे ठेवून फक्त ब्रेक गेलेल्या गाडीसाठी सायडिंगकडे वळवला, तर काय बिघडेल? आणि गाडी १००० टनांची, वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर ती सायडिंग कमीत कमी किती उंच चढवावी लागेल? घर्षण सोडून द्या. उत्तर कागदाच्या अर्ध्या पानात बसतं, आणि त्यात गाडीचं वजन लागतच नाही. का लागत नाही, तेही लिहा.