४.१० मोठे की ४.९?

राळेगाव तालुक्यातील एखाद्या शेताचा सातबारा तुम्ही पाहिला असेल. गट क्रमांक ४५/९ आणि ४५/१० यांपैकी दहावा हिस्सा नंतरचा, हे कोणी सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

पुष्कळ मुक्त आज्ञावल्या मूळ लिखित रूपात मिळतात व आपल्या संगणकावर बांधून घ्याव्या लागतात. हे काम 'मेक' करते. मूळ 'मेक' स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिले. बांधणीपूर्वी 'कॉन्फिगर' ही आज्ञावली सारी हत्यारे पुरेशी नवी आहेत का, ते तपासते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्नू मेकची ४.० ही आवृत्ती आली. तेव्हाची 'ग्लिबसी' (लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्या जिच्यावर उभ्या असतात ती लायब्ररी) बांधू गेल्यास उत्तर येई : मेक नाही, अथवा फार जुने आहे! नवेकोरे हत्यार जुने कसे? तपासणीत लिहिले होते, की क्रमांक ३.७९, ३.८ किंवा ३.९ ने सुरू व्हावा. ४ चा उल्लेखच नव्हता. म्हणजे संख्यांची तुलना झालीच नव्हती, केवळ अक्षरे जुळवली गेली होती. २०११ मध्ये उलटा प्रकार घडला. 'फ्रीबीएसडी १' साठी लिहिलेली '१ ने सुरू होणारे' ही खूण फ्रीबीएसडी १० लाही लागू पडली आणि नवी प्रणाली अतिप्राचीन ठरली.

अक्षरे जुळवली तर ४.१० मधील १ हा ४.९ मधील ९ पेक्षा लहान. दशांश मानले तरी तेच. खरी रीत अशी : टिंबाशी तुकडे करा व प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून ताडून पाहा. ४ बरोबर ४. १० मोठे ९ पेक्षा.

असा अडथळा आला तर प्रथम 'मेक'लाच त्याची आवृत्ती विचारा. मग 'कॉन्फिग.लॉग' या नोंदवहीत तपासणीला कोणती आढळली ते वाचा. दोन्ही क्रमांक वेगळे असतील, तर संगणकावर दोन 'मेक' आहेत आणि शोधमार्गात जुने आधी लागते. तो क्रम बदला. क्रमांक एकच असेल, तर दोष तपासणीचा. मूळ आज्ञावलीची पुढील आवृत्ती घ्या (ग्लिबसीत ही दुरुस्ती २.१९ मध्ये, फेब्रुवारी २०१४ ला आली) किंवा त्या ओळीत ४ ची भर घाला. कित्येकजण नवे 'मेक' काढून जुने बसवतात. हा उपाय मला पसंत नाही. तपासणी समूळ पुसणे त्याहून वाईट, कारण हत्यार खरोखरच जुने असल्यास बांधणी अर्ध्यावर मोडते.

आता ३.८१, ३.९ आणि ३.१० यांचा क्रम दोन्ही रीतींनी लावून पाहा.