ठेकेदारावर नजर कशी ठेवायची?

प्रश्न : मनोरीचा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प ठेकेदारच उभारून चालवणार, मग मुंबई पालिकेचे अभियंते तपासणार काय?

उत्तर : बरंच काही. रोज २० कोटी लिटरच्या या कामात खरी मेख, माझ्या मते, पाणी खेचण्याच्या जागेत आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पातळ पडदा, चोंदवतं. म्हणून त्याआधीच्या गाळणीची चाचणी जुलैत घ्यावी. जानेवारीच्या निवळ पाण्यावर कुणीही पास होतो! मेम्ब्रेनवर साधारण ६० बार दाब असतो, तेव्हा नळ्यांचं पोलाद कारखान्यातच तपासावं. हजार लिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. करारातला आकडा मीटरवर पडताळावा. उरलेलं जवळजवळ दुप्पट खारं पाणी कुठे सोडणार, हे तर कोळी बांधवच विचारतील.