जुनी शाळा, नवी कचेरी : अंदाजपत्रकाचा विचार

१९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. आज ते ३६ आहेत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली, २०१४ मध्ये पालघर अशी ही वाढ होत गेली. नवा जिल्हा झाला की पहिली निकड जागेची असते. अशा वेळी एखादी जुनी शाळा कार्यालयांसाठी घ्यावी, हा विचार साहजिकच पुढे येतो. प्रशस्त खोल्या, रुंद व्हरांडा, मोक्याची जागा. सारेच सोयीचे दिसते. प्रश्न येतो तो खर्चाच्या अंदाजाचा.

क्षेत्रफळाला दर चौरस मीटरच्या दराने गुणून काढलेली रक्कम नव्या बांधकामास ढोबळ मानाने चालते. जुन्या इमारतीस ती चालत नाही, कारण येथे खरा खर्च झाकलेल्या भागात दडलेला असतो. वासे वाळवीने पोखरले आहेत काय, भिंतीतील ओल पायातून चढते की पन्हळीतून उतरते, हे काही कौले उतरवल्याखेरीज व थोडा गिलावा काढल्याखेरीज कळत नाही. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका इमारतीत फरशी व रंगकामाची तरतूद चोख होती; परंतु छत उघडताच तुळयांची भिंतीतील टोके कुजलेली आढळली. काम थांबले. सुधारित प्रशासकीय मान्यता येईपर्यंत उघड्या छपरावरून एक पावसाळा निघून गेला. तांत्रिक मंजुरीपूर्वीच अशा तपासणीसाठी अल्पशी रक्कम खर्च करणे म्हणूनच अगत्याचे होय. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देण्याचा मोहही टाळावा. त्याने ओल आत कोंडते. चुन्याच्या कामाची बाब दरसूचीत नसल्यास दराचे स्वतंत्र पृथक्करण जोडावे लागते, आणि नेमका हाच कंटाळा केला जातो.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे दप्तर. मुले घरी जातात, कागद मात्र कायमचे राहतात! भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार वर्गखोलीच्या तळासाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात, तर अभिलेख कक्षासाठी सुमारे ५००. आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद खोलीत हा फरक साडेनऊ टनांहून अधिक होतो. यास्तव फेरफार नोंदवह्या व जुने अभिलेख माडीवर चढवू नयेत. तळमजल्यावरील कोरडी खोली निवडून तेथील वाळवी प्रतिबंधाचा खर्च आधीच धरावा. वीजजोडणी जवळजवळ नव्यानेच करावी लागते. स्वच्छतागृहे वाढवावी लागतात. अपंग नागरिकांसाठी बारास एक या उताराचा मार्ग हवा, म्हणजे साठ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यास सात मीटरहून अधिक लांबी लागते; तेवढी मोकळी जागा दारापुढे आहे काय, हेही नकाशावर पाहावे.

इमारत जिल्हा परिषदेची असेल आणि तेथे वर्ग अद्याप भरत असतील, तर विचार आणखी एका अंगाने व्हावयास हवा. शिक्षण हक्क अधिनियमाखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. त्यांच्या पर्यायी वर्गखोल्यांचा खर्च अनेकदा दुसऱ्या लेखाशीर्षावर ढकलला जातो व कचेरीचे काम कागदावर स्वस्त दिसते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तो आकडा त्याच प्रस्तावात मागून घ्यावा, आणि त्या खोल्या तयार होईपर्यंत जुन्या शाळेचा ताबा देण्यात येऊ नये.