फळमाशीच्या नरांचें भांडण व त्याचा बागाइतदारांस उपयोग

आंब्यांत अळ्या पाडणाऱ्या फळमाशीचा नर वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं निरखून पाहिला असेल. ऊन उतरल्यावर एकेक नर पानाखालीं जागा धरून बसतो. दुसरा आला कीं पंख फडफडवून त्याच्या अंगावर जातो व त्यास हुसकून लावितो. पानावरील हा कब्जा केवळ मादीसाठीं असतो.

ही ईर्षा येते कोठून? कीटकांच्या मेंदूंत ऑक्टोपामिन नांवाचें द्रव्य असतें. संकटसमयीं मनुष्याची छाती धडधडविणारें जें ॲड्रिनॅलिन, त्याच्यासारखेंच काम तें करितें. रातकिड्यांवरील प्रयोग मोठे मौजेचे आहेत. झुंजींत हरलेला नर पुढें कांहीं तास कोणाशीं लढत नाहीं. परंतु त्यास थोडा वेळ उडावयास लाविलें कीं तो पुन्हा उभा ठाकतो. औषधानें ऑक्टोपामिनचें कार्य बंद पाडलें तर मात्र उडवूनही त्यास त्वेष येत नाहीं. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांत हें द्रव्य नसलेले नर कमी भांडतात, आणि कित्येकदां प्रतिस्पर्धी नराचेंच प्रियाराधन करूं लागतात! समोर शत्रु कीं मादी, हा निवाडाही कांहीं अंशीं याच द्रव्याच्या हातीं आहे. गोचिडांवर आपण वापरतों तें अमिट्राझ याच द्रव्याच्या जागीं बसून त्यांस बेजार करितें.

मादीस वश करण्यास गंधही लागतो. आंब्यावरील फळमाशीचा नर तुळशीसारख्या वनस्पतींतील मिथाइल युजेनॉल आवडीनें खातो व त्यापासून आपला कामगंध तयार करितो. बिहारांतील पुसा येथें हाउलेट यांनीं १९१२ सालीं सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नरच जमतात असें नोंदविलें, व १९१५ सालीं त्या ओढीचें मूळ मिथाइल युजेनॉल असल्याचें दाखविलें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच ओढीवर चालतो.

आतां आपल्या भाईंदर-उत्तन भागाविषयीं. इमारतींच्या दाटींतून जीं आंब्याचीं झाडें उरलीं आहेत, तीं थोडीथोडी अनेक मालकांचीं आहेत. एकानेंच सापळा टांगल्यास नर मरतात खरे, परंतु एक नर अनेक माद्यांस पुरतो, आणि शेजारीं फळलेली मादी कुंपण ओलांडून येतेच. सातबाऱ्यावरील हद्द माशी वाचीत नाहीं! यास्तव सर्व शेजाऱ्यांनीं फळ पक्व होण्यापूर्वींच एकदम सापळे लावावे. उशीर करूं नये, कारण मिथाइल युजेनॉल एकदां पोटभर खाल्लेला नर पुढें कांहीं दिवस त्या वासाकडे कमी फिरकतो. गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं, कारण अळी मातींत शिरूनच कोश करिते. दुधी, कारली, काकडी यांवरील माशी निराळी. तिच्या नरास हें आमिष चालत नाहीं, क्यू-ल्यूर लागतें. दुकानांतून आणतांना पाकिटावरील नांव वाचून घ्यावें.