‘फक्त’ 15 वॅट

दुकानदाराने विचारलेला प्रश्न एकच होता, “सर, कार्ड की यूपीआय?” घर कुठलं, फ्लॅट की बंगला, वाजवणार केव्हा, हे त्याने विचारलं नाही. प्रस्तुत लेखकाने आपणहून सांगितलं: पुण्यात दुसरा मजला, जुनी सोसायटी, पातळ भिंती. त्यावर तो म्हणाला, “अहो, फक्त 15 वॅटचा ट्यूब अँप आहे. लोक घरासाठीच नेतात.” हे ‘फक्त’ साठ हजारांना पडलं.

दुकानातल्या काचेच्या खोलीत व्हॉल्यूम पाचवर होता. गिटारची तार हलकी छेडली की स्वच्छ, दाबून छेडली की किंचित फाटणारा, भरदार आवाज. जीव जडला तो त्या आवाजावर. घरी नॉब एकवर ठेवला, तर तोच अँप फोनमधून बोलल्यासारखा कोरडा. दीडवरही तेच. दोनच्या जरा अलीकडे बोट गेलं आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरली. तिसऱ्या मिनिटाला खालच्या काकू दारात. “काय रे, ड्रिल मशीन आणलंस का?”

काकू गेल्यावर लेखक नॉबकडे बघत बसला. पैसे मोजले होते पाचवरच्या आवाजाचे, आणि पाच हा आकडा या घरात कधीच येणार नव्हता.

दुकानात दोन खेपा झाल्या. “तुम्हीच वाजवून बघितलात ना सर?” हे उत्तर, आणि परत घ्यायचा तर निम्मी किंमत. वाजवून बघितला होता, खरंच. पण व्हॉल्यूम पाचवर कोणी ठेवला होता?

वॅटचा हिशोब सरळ नसतो, ही गोष्ट त्या माणसाला नक्की ठाऊक असणार. वॅट दहापट वाढवले, तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे 15 वॅटचा अँप 150 वॅटवाल्याच्या निम्मा तरी वाजतो. गिटारचे बरेचसे 12 इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावरून, 97 ते 100 डेसिबल देतात. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा 55 आणि रात्री 45. एरिक क्लॅप्टनने ‘लेला’च्या ध्वनिमुद्रणात वापरलेला फेंडर चँप जेमतेम पाच वॅटचा. तोही फ्लॅटमध्ये पूर्ण उघडून बघावा कुणी.

त्यात कानही फितूर. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान झाला की खर्ज कानाला फार कमी जाणवतो. म्हणून हळू वाजणारा अँप पोकळ वाटतो.

तेव्हा दुकानात आपलीच गिटार न्यावी, आणि दुकानदार नेहमीच्या आवाजात बोलला तरी ऐकू येईल इतक्यावरच अँप वाजवावा. तो चुळबुळ करेल, करू द्यावी. नॉबचा पहिला पाचवा हिस्सा नीट तपासावा, घरी तेवढाच वापरात येतो. मास्टर व्हॉल्यूम असलेला बरा: गेन वाढवून, मास्टर खाली ठेवून फाटलेला आवाज काढता येतो. पॉवर ट्यूबचा भरदारपणा त्यात पूर्ण येत नाही, हेही खरं. बॉस कटानाचा 50 वॅटवाला अँप अर्ध्या वॅटवर आणता येतो. यामाहाचे टीएचआर तर टेबलावर ठेवून वाजवण्यासाठीच बनवलेत. ट्यूबशिवाय टोन नाही असं सांगणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन यावं. रोलंडचा ट्यूब नसलेला जेसी-120 1975 पासून मानाने वाजतो आहे, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

ट्यूब अँप घेतलाच असेल, तर स्पीकर आणि अँपच्या मध्ये आवाज खाली आणणारा अ‍ॅटेन्युएटर बसवता येतो. त्याचे ओहम अँपशी जुळलेच पाहिजेत. स्पीकर काढून अँप चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतून भावाने आणलेला 120 व्होल्टचा अँप इथल्या 230 व्होल्टच्या प्लगात थेट घालू नये. बाकी बजेट ठरवावं, घाई करू नये वगैरे सगळ्यांना माहीत असतंच. लेखकालाही होतं.

तो अँप अजून विकायचा आहे. स्वतंत्र बंगला असलेल्यांनीच विचारावं. व्हॉल्यूम दीडवर ठेवून ऐकवला जाईल.