पडदे बंद, तूस ओलं

जुलैत कोकणातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागतात. आत कोंबडीची दोन-चार मेलेली पिल्लं असतात, आणि मालकाचं निदान तयार असतं: ‘मानमोडी आली, डॉक्टर.’ पिल्लू फाडून पाहावं तर कितीदा तरी आतडं रक्तानं भरलेलं निघतं. ही मानमोडी नव्हे, कॉक्सिडिओसिस. म्हणजे रक्ती हगवण. मग डॉक्टर शेडच्या पडद्यांविषयी विचारतात. उत्तर छाती फुगवून येतं: ‘सगळे गच्च बंद. एक थेंब आत नाही!’

घोटाळा इथंच आहे. ओल फक्त पावसातून येत नाही. कोंबडी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते आणि त्यातलं बरंचसं विष्ठेतून, श्वासातून शेडमध्येच सोडते. पडदे आवळले की ती वाफ जमिनीवर अंथरलेल्या तुसातच मुरते. या तुसातली ओल २०-२५ टक्के असावी. ती ३० च्या वर गेली, की विष्ठेतून पडलेले कॉक्सिडिया या परजीवींचे कोश उबदार हवेत एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात.

चिपळूणकडच्या एका तरुणानं गिरिराज जातीची पिल्लं ताडपत्रीत अशीच कोंडली होती. आत शिरताच डोळ्यांना पाणी येई. तो म्हणे, सवय झाली. माणसाला होत असेल, पण जमिनीलगत अमोनिया हुंगणाऱ्या पिल्लाला कशी होणार? रक्ती हगवण लागली तेव्हा मोबाइलवर पाहून त्यानं हळद-लसणाचं पाणी पाजलं, मग दुकानातून अँटिबायोटिक आणलं. हा रोग जिवाणूंचा नाहीच, तर त्यानं काय साधणार? ओल्या तुसावर चुनाही भुरभुरला. त्यानं अमोनिया उलट जास्त सुटला. या हगवणीवर वेगळं औषध आहे, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

पाण्याच्या भांड्याभोवती थोडं ओलं दिसलं म्हणून घाबरू नये. तेवढा गोळा उचलून बाहेर टाकावा, भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगावं. पडदा खालून बांधावा आणि वरून फूट-दीड फूट उघडा ठेवावा. झड आत येत असेल तर वळचण तीन-चार फूट पुढे काढावी, खिडकी बुजवू नये. तूस दाताळ्यानं वरचेवर खाली-वर करावं. मूठभर घेऊन दाबावं: गोळा होऊन तसाच राहिला तर ते बदलण्याजोगं. स्वस्तात मिळालेला दमट भुसा मात्र मुळीच नको. त्यातल्या बुरशीनं पिल्लं चोच उघडून धापा टाकतात.

विष्ठेत रक्त, पंख फुगवून कोपऱ्यात बसणं, मिटलेले डोळे, तळपायाला काळी खपली यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकदम बरेच पक्षी मेले तर पिशवी घेऊन येऊ नये. कशाला हात न लावता डॉक्टरांना बोलवावं. तो बर्ड फ्लूही असू शकतो; २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरातच सापडला होता. आणि एरवी एखादं पिल्लू मेलं तर ते वहाळात फेकू नये, खोल खड्ड्यात पुरावं. चुना वापरायचाच तर तिथं वापरावा.